नीलू, संक्रांतीच्या आधी वाच

प्रिय नीलू,

परवा फोनवर तू विचारलंस की रविवारी त्या प्राण्या-पक्ष्यांच्या शेल्टरमध्ये तू नेमकं करतेस काय, आणि मी "अगं साफसफाई वगैरे" म्हणून विषय संपवला कारण खाली कॅब येऊन थांबली होती. पण तुला तरी नीट सांगायला हवं असं रात्रभर वाटत राहिलं. शिवाय संक्रांत आलीये आणि तू पतंगांच्या येवल्याची, त्यामुळे तुझ्याकडे एक मोठं काम आहे माझं, ते पुढे सांगते, आधी बाकीचं.

तुझ्या पार्किंगमधल्या पिंगळ्याच्या, म्हणजे त्या छोट्या घुबडाच्या, पिल्लाचं तू केलंस ना ते अगदी बरोबर केलंस. खोक्यात ठेवलंस, पाणी पाजलं नाहीस, संध्याकाळी त्याच झाडाजवळ उंचावर खोकं बांधलंस आणि लांब जाऊन थांबलीस. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, पण तसं काही नसतं गं, आईबाप शोधत येतात, फक्त आपण तिथून हलायला पाहिजे. आणि पाण्याचं म्हणशील तर पक्ष्यांच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. आमच्याकडे येणाऱ्या किती पिल्लांना लोकांनी प्रेमाने दूधभात भरवलेला असतो! पक्ष्यांना दूध पचत नाही, पण समोर पिल्लू चोच उघडून बसलं की माणसाला राहवत नाही, आणि त्या माणसांवर मला रागावता येत नाही कारण ती निदान थांबलेली असतात, उचलून आणलेलं असतं.

पक्ष्यांचं वेड मला कवडीपाटला लागलं हे तुला माहितीये. सोलापूर रोडला लोणीच्या अलीकडे मुळा-मुठेवरचा तो बंधारा. पहिल्यांदा गेले तेव्हा नदीवर फेस, कडेला प्लॅस्टिक, वास असा की रुमाल धरावा लागला, आणि त्याच पाण्यात चक्रवाकांची जोडी, केशरी, उन्हात नुसती झळकत होती. शेकाटे लाल काड्यांसारख्या पायांवर चिखलात, थापट्या बदकं, चित्रबलाक, आणि धोबी तर अगदी पायाशी शेपटी हलवत. मग भिगवण झालं, उजनीचं पाणी उतरतं तेव्हा कुंभारगावला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात ना तिथे. सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तक बघितला. मोबाईलवर पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ईबर्डचं ॲप, गळ्यात दुर्बीण, पहाटे साडेपाचला स्कूटर, सगळं सुरू झालं. आनंद होताच, अजूनही आहे.

शेल्टरला जायचं कारण घार झाली.

घार म्हणजे कुणी बघायला जात नाही असा पक्षी, पुण्यात कुठेही मान वर करा, आहेच. मी पण लिस्टमध्ये टाकून पुढे जायचे. आमच्या सोसायटीमागच्या गुलमोहरावर एक घार उलटी लटकलेली सापडली, पंखात मांजा. फायर ब्रिगेडच्या मुलांनी शिडी लावून काढली, मी ती खोक्यात घालून शेल्टरला नेली, तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली त्या दिवशी माणूस कमी होता म्हणून मला म्हणाले, धराल का. तेव्हा धरली ती अजून धरतेच आहे असं म्हण.

कसं धरतात सांगते. आधी डोक्यावर टॉवेल टाकायचा, डोळ्यापुढे अंधार झाला की ती शांत होते. मग जाड चामडी ग्लव्ह घालून पाय धरायचे, दोन्ही, वरच्या बाजूला, कारण शिकारी पक्ष्याचं खरं हत्यार चोच नव्हे, नखं. पंख अंगाला मिटवून आपल्या पोटाशी घ्यायचे. एवढा मोठा पक्षी आणि वजन पाऊण किलोच्या आसपास, हातात घेतल्यावर विश्वासच बसत नाही. डॉक्टर हळूच एक पंख उलगडतात आणि उजेडाकडे धरतात. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत पातळ कातडीचा पडदा असतो, उजेडात त्यातल्या शिरा दिसतात, आणि त्या कडेतूनच एक टेंडन, म्हणजे दोरीसारखा स्नायूबंध, जातं ज्याच्यावर पूर्ण पंख ताणला जातो. मांजा नेमका तिथे कापतो कारण उडताना तीच कडा पुढे असते. टेंडन शाबूत असेल तर आम्ही सगळे एकमेकांकडे बघून श्वास सोडतो, मग टाके, बँडेज, सलाईन, औषधं, आणि पुढे कित्येक आठवडे पिंजरा. तुटलं असेल तर डॉक्टर काही बोलत नाहीत, हाडापर्यंत बघतात. त्या दिवशीच्या घारीच्या जखमेत तो गुलाबी नायलॉनचा धागा मांसात रुतलेला होता, चिमट्याने काढताना तो संपतच नव्हता, आणि ती टॉवेलखाली इतक्या जोरात श्वास घेत होती की माझ्या पोटाला जाणवत होतं.

ती उडाली बरं का. मोठ्या फ्लाइंग केजमध्ये एका टोकाच्या दांडीवरून दुसऱ्या टोकाला नीट वळण घेऊन जाते का, थकते का, उतरताना डगमगते का, हे सगळं बघून मग जिथे सापडली तिथेच सोडली. तिथेच का तर तिचा इलाका तिथे असतो, आणि जानेवारीत घारींची घरटी चालू असतात, कुणाची अंडी कुणाची पिल्लं. संक्रांतीला एक घार पडली म्हणजे झाडावर आणखी कुणीतरी उपाशी बसलेलं असू शकतं. आणि सगळ्या घारी इथल्याच असतात असंही नाही, दिल्लीत काही घारींना सॅटेलाइट टॅग लावून बघितलं तेव्हा त्या हिमालय ओलांडून पार कझाकस्तान, सायबेरियाकडे गेलेल्या दिसल्या. तेवढं उडून यायचं आणि आपल्या गच्चीवरच्या दोऱ्यात अडकायचं, मला हे आठवलं की जेवण जात नाही.

सगळ्यात अवघड काय वाटलं तर त्यांच्याशी न बोलणं. जंगली पक्ष्याजवळ आम्ही बोलत नाही, नावं ठेवत नाही, फोटोसाठी खांद्यावर बसवत नाही, खाणं ठेवलं की पडदा सोडून बाहेर. पिल्लू असेल तर जास्तच, माणसाची सवय लागली तर ते बाहेर जगणार नाही. एका इमारतीच्या डक्टमधून गव्हाणी घुबडाची पिल्लं आली होती, बदामी तोंडाची, जवळ गेलं की कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा फुसफुस आवाज करायची, इतकी गोड की पोटात कालवायचं, पण उंदीर ठेवायचा आणि निघायचं. त्या सोसायटीत काही लोकांना घुबड अशुभ म्हणून नको होतं, आणि त्याच लोकांच्या देवघरात लक्ष्मी, तिचं वाहन काय ते मी त्यांना आठवण करून दिली. गव्हाणी घुबडांचं एक कुटुंब किती उंदीर खातं हे सांगितल्यावर मात्र सेक्रेटरी स्वतः म्हणाले, राहू देत. पिल्लं परत त्याच डक्टवर खोक्यात ठेवली, रात्री आईबाप आले, वॉचमनने व्हिडिओ काढून पाठवला.

आणि पडद्याच्या पलीकडे कुत्र्यांचा विभाग, तिथे बरोब्बर उलटं गं. तिथे बोलायचं, हात लावायचा, नाव घेऊन हाक मारायची, नाही तर ती खचतात. एक लॅब्रॅडॉर आहे, तोंडाला पांढरे केस आलेला, गेटला पट्ट्यासकट बांधून कुणीतरी गेलं होतं. त्याला शेकहँड शिकवलेला आहे. पिंजऱ्यासमोरून कुणीही गेलं की उठून जाळीतून पंजा पुढे करतो. प्रत्येकाला. घर बदलताना सोफा नेतात, टीव्ही नेतात, आणि दहा वर्षं उशाशी झोपलेलं कुत्रं जागा नाही म्हणून सोडतात, यावर माझं मत बदलणार नाही, हा विश्वासघात आहे. मी आणि अजून एक काकू आलटून पालटून त्याच्याजवळ बसतो. त्याला घर मिळत नाहीये कारण सगळ्यांना पिल्लू हवं असतं. तुझ्या ओळखीत कुणी रिटायर्ड जोडपं असेल तर बघ, खरंच बघ, शांत आहे, जिना चढवत नाही पण तळमजल्यावर राहील.

पिल्लांचं सांगायचं तर पार्व्हो. दुपारी खेळणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाबाने आडवं. तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं, म्हणून आमच्या दारात पाय बुडवायचा ट्रे असतो आणि पिल्लांच्या वॉर्डातून आलेला माणूस त्या दिवशी दुसरीकडे जात नाही. मी "साफसफाई" म्हणाले ना ते म्हणूनच, सकाळपासून दुपारपर्यंत बादली आणि ब्रश. लोक येतात, कुत्र्यांना फिरवतो म्हणतात, ब्रश दिला की पुढच्या रविवारी दिसत नाहीत. जे टिकतात ते मात्र घट्ट टिकतात. तुला ते कानाला छोटा कट असलेले रस्त्यावरचे कुत्रे दिसतात ना, ती नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण, ऑपरेशननंतर त्यांना त्यांच्याच गल्लीत सोडतात, नियमच तसा आहे. कटवाला कुत्रा उचलून न्या म्हणून फोन येतात तेव्हा हे समजावण्यात अर्धा तास जातो.

आता एक गोष्ट जी आईला सांगत नाही. सगळे वाचत नाहीत. ज्या घारीचं पंखाचं हाड चुरा झालंय आणि जखम सडलीये तिला डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात. सुरुवातीला मला वाटायचं, एका पंखाने का होईना जगू दे, आपण सांभाळू. पण आकाशात तास न् तास तरंगणाऱ्या पक्ष्याने जमिनीवर फडफडत, छाती घासत, पायाला फोड येऊन वर्षं काढायची, हे कुणासाठी, आपल्यासाठीच ना? आता मला डॉक्टरांचं पटतं. पटूनही त्या दिवशी घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

म्हणून आता तुझ्याकडचं काम. भोगी, संक्रांत, कर, तीन दिवस येवल्याच्या गच्च्या भरतात, तुझ्या दादाच्या हातातली ती आसारी (दोऱ्याची फिरकी), हलकडी वाद्याचा आवाज, काकूंच्या हातचं जेवण, मी आलेले तेव्हाचं सगळं आठवतंय आणि पतंग बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण नायलॉनचा मांजा नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातलीये, तरी चोरून मिळतो. तो कुजत नाही, झाडावर उन्हाळाभर लटकतो, आमच्याकडे एप्रिलमध्येसुद्धा त्याच्यात अडकलेले बगळे, घुबडं, वटवाघळं येतात. माणसांचे गळे कापल्याच्या बातम्या तर दरवर्षी वाचतेसच. काच लावलेला सुती दोराही कापतोच, त्यामुळे जमलं तर साधाच दोरा. दादाचं गल्लीत ऐकतात, त्याने मनावर घेतलं तर निदान तुमच्या चौकात होईल. सकाळी अगदी लवकर आणि संध्याकाळी अंधार पडताना पक्षी घरट्यातून निघतात-परततात, तेवढा वेळ उडवू नका. आणि करीच्या दुसऱ्या दिवशी पोरांना गोळा करून झाडांवरचा, तारांजवळचा नाही हं, हाताला येईल तेवढा दोरा काढून जाळून न टाकता कापून कचऱ्यात द्या.

जखमी पक्षी दिसला तर तू पिंगळ्याला केलंस तसंच, भोकं पाडलेलं खोकं, खाली जुना कपडा, अंधार, शांतता, खायला-प्यायला काही नाही, आणि पंखात गुंतलेला दोरा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापून टोकं तशीच ठेवायची. वन विभागाचा १९२६ नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेव. घरी पाळायचा मोह कुणाला झाला तर सांग की १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, पण त्याआधी हे सांग की घरी तो मरतो.

मी कर झाल्यावर येते. आपण नांदूरमधमेश्वरला जाऊ, तुझ्या घरापासून एवढं जवळ आणि तू अजून बघितलं नाहीस हे मला सहन होत नाहीये, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते! गोदावरी आणि कादवा तिथे मिळतात, चापडगावला मनोऱ्यावरून बघता येतं, जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यातून चालताना दाखवते तुला, त्यांचे पाय बघ फक्त. जाड जॅकेट घे, भडक रंगाचं नको. दुर्बीण मी दोन आणते, माझी जुनी तुलाच ठेव. दादाशी बोललीस की लगेच मेसेज कर, तो काय म्हणतो त्यावर साध्या दोऱ्याची रिळं इथून आणायची का ते ठरवते, इथे रविवार पेठेत बघून ठेवते. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
वैशू

ता. क. त्या लॅब्रॅडॉरचा फोटो पाठवतेय, ग्रुपवर टाक. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे हेही लिही, घेणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं.