सायनाइडबद्दल, तू विचारलंस म्हणून

प्रिय सुधीर,

सफरचंदाच्या चार बिया चावल्या गेल्या म्हणून तू रात्रभर जागा राहिलास, हे वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. अरे, चार बियांनी काही होत नाही. त्यातल्या ॲमिग्डालिन नावाच्या द्रव्यातून किंचित सायनाइड सुटतं खरं, पण तेवढ्याचं थायोसायनेट, म्हणजे बरंच कमी विषारी संयुग, करून यकृत ते निकालात काढतं. पुढे ते लघवीवाटे जातं.

मात्रा वाढली की मात्र खेळ संपला. सायनाइडला धातूंचं विलक्षण वेड. पेशीत ऑक्सिजन वापरणारं जे एन्झाइम आहे, नेमकं त्यातल्या लोहालाच ते जाऊन चिकटतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पेशी मात्र उपाशी. ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं. म्हणून तर शिरांतलं रक्तसुद्धा लालभडक दिसतं. कडू बदामाच्या वासावर विसंबू नकोस, कित्येकांना तो जन्मतःच येत नाही. आणि रहस्यकथांतल्या कुपीपेक्षा आगीचा धूर जास्त घातकी: फोम, लोकर, नायलॉन जळालं की त्यात हायड्रोजन सायनाइड असतोच.

हेच वेड माणसाने कामालाही लावलं. १८८७ साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी खनिजातलं सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढायची रीत शोधली. त्याची किंमतही मोजावी लागली. २००० साली रोमानियात बाया मारेजवळ असल्या पाण्याचा बांध फुटला आणि टिसा नदीतले मासे ढिगांनी मेले.

उतारा ऐकशील तर चकित होशील. हायड्रॉक्सोकोबालामिन शिरेतून देतात. त्यातला कोबाल्ट सायनाइडला ओढून घेतो आणि तयार होतं सायनोकोबालामिन, म्हणजे आपल्या गोळ्यांतलं बी-१२!

परवा मी सायनोटाइप, म्हणजे उन्हाने छापलेलं निळं चित्र, करून पाहिला. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाची १८४२ची युक्ती. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि लोहाचा एक क्षार अंधारात कागदाला फासला, वर नेच्याचं पान ठेवून उन्हात धरला. कागद आधी मळकट करडा झाला. पाण्यात बुडवला तशी पिवळट झाक निघून गेली आणि मागे गर्द निळ्यात पांढरं पान उरलं, शीरन् शीर दिसणारं. हा प्रशियन निळा. त्यातलं सायनाइड लोहाने इतकं घट्ट धरलेलं असतं, की थॅलियम या विषारी धातूच्या विषबाधेवर हाच रंग पोटात देतात. आणि १७८२ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने जहाल प्रुसिक आम्ल, म्हणजेच हायड्रोजन सायनाइड, काढलं तेही याच निळ्यातून!

तो कागद पाकिटात घातलाय. बिनधास्त हातात घे. वहिनींना दाखव, बियांचं मात्र सांगू नकोस.

तुझा,
विनायक