पुलीवरची खूण

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही याची टोचणी आहेच. पण आज लिहायला बसलो ते माझ्या बीटल गाडीच्या इंजिनात परवा रात्री जे सापडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे कळेना म्हणून. इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझी पाठ अधूनमधून दुखते, इतकेच.

मूळचे १५८४ सीसीचे इंजिन साडेनव्वद मिलिमीटरचे पिस्टन घालून १७७६ सीसी केल्यापासून गाडी सपाट रस्त्यावर छान पळत असे, पण लांब चढ लागला की जड होई आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगखालचे तापमान २४० अंशांच्या पुढे सरके. मी कार्बोरेटरला दोष दिला. जेट मोठे करून मिश्रण थोडे रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, केले की तापमान पाच-सात अंशांनी उतरे, त्यामुळे आपण योग्य वाटेवर आहोत असे वाटत राहिले आणि तीन आठवडे त्यातच गेले.

टायमिंगची, म्हणजे ठिणगी केव्हा पडते याची, मला शंकाच आली नाही. पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर होता. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर शून्य-शून्य-नऊ, म्हणजे व्हॅक्यूम नसलेला, फक्त वजनांच्या जोरावर, वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडत, अ‍ॅडव्हान्स होणारा. म्हणून आयडलवर न लावता ३५०० फेऱ्यांवर, वजने पूर्ण उघडल्यावर, टायमिंग लाइट धरून, पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी ३० अंशांवर लावले होते. पुलीवरची खूण क्रँककेसच्या सांध्यावर अगदी स्थिर दिसत होती. मग परवा तिसरा प्लग काढून भिंगाखाली धरला, तर पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपूड सांडावी तसे बारीक चकचकीत कण दिसले. ते अ‍ॅल्युमिनियम होते. मला काय वाटले असेल ते तू समजशील.

नॉकिंग, म्हणजे वायूचा अवेळी स्फोट, इतके दिवस चालले असणार आणि पंख्याच्या घरघरीत मला ते एकदाही ऐकू आले नाही. त्याच रात्री चारही प्लग काढले, पहिल्या सिलिंडरच्या भोकात पिस्टन-स्टॉप बसवला, पुली हाताने घड्याळाच्या दिशेने अडेपर्यंत फिरवून सांध्यासमोर रेघ मारली आणि मग उलट दिशेने फिरवून दुसरी. दोन रेघांच्या बरोबर मध्ये पिस्टन माथ्यावर असतो, म्हणून तिथेच पुलीचे शून्य यायला हवे होते. ते नऊ मिलिमीटर बाजूला होते. पुलीचा घेर मोजला तर ५४७ मिलिमीटर भरला, म्हणजे एका अंशाला दीड मिलिमीटर. नव्या पुलीवर शून्याची खूण सांध्यासमोर येते तेव्हा पिस्टन वर पोहोचायला अजून सहा अंश बाकी असतात. मी ज्याला ३० म्हणत होतो ते ३६ होते.

आता आपले जुने भांडण काढतो. मास्तरांच्या शेडमध्ये इंजिन जुळवताना तू म्हणाला होतास की हेड बसवण्याआधी डायल गेज लावून पुलीची खूण तपासून घे, आणि मी म्हणालो होतो की अंश कोरलेल्या नव्या पुलीची खूण कशाला तपासायची. तू पाना ठेवून चहा न घेता निघून गेलास. तुझे बरोबर होते. मात्र पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालण्याच्या वादात माझे मत अजूनही बदललेले नाही, आणि त्या दिवशीचा तुझा चहा मास्तरांनीच संपवला हेही सांगून टाकतो.

३५०० फेऱ्यांवर सहा अंश म्हणजे सेकंदाचा साडेतीन हजारावा भाग. तेवढ्या आधी पेट घेतलेला वायू वर येणाऱ्या पिस्टनलाच मागे ढकलतो, दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात, आणि ती उष्णता हेडच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ती काही काळ सोसली जाते. आपल्याकडे फक्त फिन्स आणि वारा. त्यातून बोअर वाढवल्यावर चेंबर तेवढेच ठेवले, त्यामुळे कंप्रेशनचे प्रमाण मूळच्या साडेसातवरून सव्वाआठच्या आसपास गेले आहे. आणि हे जुने शराउड, म्हणजे पंख्याचा वारा वळवणारे आवरण, ज्यात ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्यातच उभा असतो. कारखान्याच्या काही डिस्ट्रिब्युटरांमध्ये तिसऱ्याची ठिणगी मुद्दाम काही अंश मागे ठेवलेली असे ती उगीच नव्हे.

खरी खूण पांढऱ्या रंगाने करून टायमिंग खऱ्या ३० वर आणले. त्याच चढावर तापमान २०५ च्या वर गेले नाही आणि गाडी हलकी झाली. पण माझी झोप गेली आहे ती तिसऱ्या पिस्टनच्या काळजीने. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये दाब साडेआठ किलोच्या आसपास आहे, तिसऱ्यात पावणेआठ. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर आहे, म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट राहिला असेही नाही. रिंग गळते का ते पाहायला प्लगच्या भोकातून तेल घालून पुन्हा दाब मोजावा म्हटले, तर आडव्या सिलिंडरमध्ये तेल खालच्या बाजूला साचते आणि रिंगभोवती सारखे पसरत नाही. त्या आकड्यावर माझा भरवसा बसणार नाही. रिंगची कड तुटली आहे, की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळली आहे, की पिस्टनचा माथा खरवडला गेला आहे, हे न कळता इंजिन उतरवायला मन धजत नाही आणि गाडी चालवत राहण्याचे धैर्यही होत नाही.

वहिनींची बदली झाली का? चिमणीची परीक्षा संपली असेल. तिला आशीर्वाद सांग. घराच्या कामाचे तू लिहिले होतेस, त्याबद्दल सविस्तर पुढच्या पत्रात नक्की लिहितो.

सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारा लीक-डाउन गेज तुझ्याकडेच आहे. येत्या रविवारी तो घेऊन ये. हवा सायलेन्सरमधून फुसफुसते की तेल भरायच्या नळीतून, हे आपण दोघे कान लावून ऐकू. सायलेन्सरमधून आली तर फक्त हेड उतरवू. नळीतून आली तर सिलिंडरही काढावा लागेल. तोपर्यंत मी गाडीला हात लावत नाही.

तुझा,
जुना सोबती