बाबांच्या तळहातावर नाव लिहिणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला आठ दिवस झाले, तरी लिहायला बसलं की गळा दाटून येतो.

काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, हे आम्ही पचवलं होतं. पाठोपाठ बाबांचे कानही गेले आणि माणूस घरात असून नसल्यासारखा झाला. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तर टेबलामागून उत्तर आलं, "डोळ्याचं करायचं का कानाचं? एक काय ते सांगा." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही दोन्ही अपंगत्वं एकत्र असण्याची नोंद आहे, हे तुमच्याकडून कळलं. त्या टेबलाला ते माहीत असायला नको? एका शिबिरात पांढरी काठी मिळाली. हार घातला, फोटो काढला. ती धरायची कशी, हे कुणी दाखवलं नाही. खुंटीलाच राहिली.

तुम्ही मात्र माझ्याशी बोलायच्या आधी ओट्यावर बाबांजवळ बसलात. त्यांच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढत आपलं नाव लिहिलंत. बाबा चौथी शिकलेले. दुसऱ्या अक्षराला अडले, तळहात धोतराला पुसून पुन्हा पुढं केला. तुम्ही पहिल्यापासून लिहिलंत. मग त्यांनी मोठ्यानं तुम्हाला नावानं हाक मारली! आम्ही घरचे, दोन वर्षं त्यांच्या कानात ओरडत राहिलो. हे आम्हाला सुचलं नाही. समोरच्याला आधी आपली ओळख द्यावी, एवढ्या माणुसकीला ना योजना लागते, ना शिक्का.

आणि तुम्ही आणलेल्या नव्या काठीचं काय सांगू! दिल्लीच्या आयआयटीत घडलेली. मुठीतून कानाला न कळणाऱ्या ध्वनिलहरी सुटतात, अडथळ्यावर आदळून परत येतात आणि मूठ थरथरते. खालचा दगड साध्या काठीलाही लागतो, पण टेकणावर ठेवलेल्या बंडीचं जू बाबांना दर वेळी छातीत बसायचं. त्या दिवशी ते चार पावलं आधीच थांबले. "काईतरी हाय इथं," म्हणाले आणि हात पुढं करून जू चाचपलं. आई चुलीपुढून उठून दारात आली होती.

निघताना तुम्ही त्यांच्या हातावर 'येतो' लिहिलंत.

आता नातू रोज 'चहा' लिहितो. आईला लिहिता येत नाही, ती बांगडी त्यांच्या मनगटाला लावते. ते ओळखतात.

तुरीच्या शेंगा भरल्यात, या. अंगणात आलात की आम्हाला हाक मारू नका, थेट बाबांचा हात धरा.