सर्व्हरवरील जागा कमी करताना क्रम पाळावा

महोदय,

सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांच्या सर्व्हरची देखभाल मी अनेक वर्षे करत आहे. गेल्या महिन्यात त्यांपैकी एका कारखान्यात जे घडले, ते इतरत्र टळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तेथील लिनक्स सर्व्हरवर हिशेबासाठी ५०० जीबीचा लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कवरील जागेचा, लहान-मोठा करता येणारा हिस्सा) होता. तो निम्माही वापरात नव्हता, उलट ड्रॉइंगचा व्हॉल्यूम भरत आला होता. ठेकेदाराने पाठवलेल्या तरुणाने हिशेबाचा व्हॉल्यूम थेट ३०० जीबीवर आणला. अशा वेळी डेटा नष्ट होऊ शकतो, असा इशारा पडद्यावर येतो आणि होकार विचारला जातो. त्याने 'वाय' दाबले. मात्र आतील ईएक्सटी४ प्रकारच्या फाइल सिस्टिमच्या (व्हॉल्यूममध्ये फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदीत आकार ५०० जीबीच राहिला. तेव्हाच व्हॉल्यूम पूर्ववत केला असता, तर बहुधा सर्व वाचले असते, कारण व्हॉल्यूम कापला म्हणून मजकूर सहसा लगेच पुसला जात नाही आणि हे व्हॉल्यूम सांभाळणारी एलव्हीएम प्रणाली जुन्या मांडणीची नोंदही जपून ठेवते. पण त्याने घाईने फाइल सिस्टिमची दुरुस्ती चालवली, आकार जुळत नाही म्हणून थांबायचे का, या तिच्या पहिल्या प्रश्नाला नकार दिला आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला 'वाय' म्हटले. त्यात हिशेबाच्या नोंदी गेल्या.

जागा वाढवताना आधी व्हॉल्यूम आणि मग फाइल सिस्टिम वाढवतात; हे काम चालू सर्व्हरवरही होते. कमी करताना क्रम नेमका उलटा असतो: ईएक्सटी४ फाइल सिस्टिम अनमाउंट करून (म्हणजे वापरातून बाजूला काढून) तपासायची, ती आधी २९० जीबीवर आणायची, मग व्हॉल्यूम ३०० वर आणायचा आणि शेवटी फाइल सिस्टिम त्यात पुरती पसरवायची. एक्सएफएस या दुसऱ्या प्रकारची फाइल सिस्टिम असेल तर ती लहान करण्याच्या भानगडीत न पडता नवा लहान व्हॉल्यूम करून डेटा तिकडे हलवावा.

त्या तरुणाला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. त्याला प्रात्यक्षिकात फक्त जागा वाढवायला शिकवले होते. नाशिकमधील तंत्रनिकेतने व संगणक संस्थांनी जागा कमी करणे आणि बिघडलेली मांडणी पूर्ववत करणे, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांकडून करून घ्याव्यात. कारखानदारांनीही बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याखेरीज कोणालाही या कामाची परवानगी देऊ नये. त्या कारखान्यातील हिशेबनीस ताई अजूनही कागदी बिलांवरून एकेक नोंद पुन्हा भरत आहेत.

— एक सर्व्हर व्यवस्थापक, सातपूर, नाशिक