सील शाबूत, कंटेनर उघडा

मा. संपादक, स. न.

जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण सोलापूरकर तो मुंबई-रत्नागिरीवाल्यांवर सोडून मोकळे होतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब! पण टॉवेलचा किंवा डाळिंबाचा जो कंटेनर न्हावाशेव्याला जहाजावर चढतो, त्याचं दार अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एखाद्या आवारात बंद झालेलं असतं. पुढे ते प्रत्येक वेळी कुणी उघडून बघत नाही.

आयएसपीएस ही जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे. परदेशी फेऱ्या करणाऱ्या, ५०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या मालवाहू जहाजांचं आणि ती जिथे लागतात त्या बंदरांचं सुरक्षा मूल्यमापन त्यामुळे बंधनकारक झालं. काय जपायचं, कशापासून, कच्चे दुवे कुठले आणि त्यावर उपाय काय, हे लेखी ठरवावं लागतं. जहाजावर दर तीन महिन्यांनी सराव होतो. एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त खलाशी नवे आले, तर आठवड्याच्या आत पुन्हा. ही सगळी शिस्त बंदराच्या कुंपणापर्यंत. कंटेनर जिथे भरला जातो ते आवार तिच्या बाहेर राहतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

बंदरांसाठी आयएमओ-आयएलओने (आंतरराष्ट्रीय सागरी आणि कामगार संघटनांनी) सुचवलेली गुणांची पद्धत कारखान्यालाही सहज लावता येते. धोक्याला १ ते ३, कच्चेपणाला १ ते ४, परिणामाला १ ते ५ गुण द्यायचे आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. कच्चेपणाचे ४ म्हणजे बंदोबस्त काहीच नाही. समजा, रिकामा कंटेनर रात्री आवारात उभा आहे, दार नुसतं लोटलेलं, पहारेकरी पुढच्या गेटवर. धोका २, कच्चेपणा ४, परिणाम ४, गुणाकार ३२. दाराला कुलूप, त्यावर दिवा आणि दोन तासांनी फेरी एवढं केलं की कच्चेपणा २ वर येतो, गुणाकार १६. याला सल्लागार लागत नाही, वहीचं एक पान पुरतं.

सगळ्यात जास्त हयगय होते ती रिकाम्या कंटेनरच्या तपासणीत. ‘यार्डातून पास होऊन आलाय’ म्हणून थेट हमाल चढवले जातात. सात जागा बघायच्या असतात: खालची चौकट, दारं आतून-बाहेरून, डावी भिंत, उजवी भिंत, समोरची भिंत, छत आणि फरशी. हाताशी टेप आणि छोटी हातोडी ठेवावी. वीस फुटी साधा (रीफर नसलेला) कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर भरतो, चाळीस फुटी १२.०३. लांबी वीतभर जरी कमी आली तरी समोर खोटी भिंत आहे का, हे आधी बघायचं. भिंतीच्या वरच्या कडेला हवेची छिद्रं असतात. ती आतून-बाहेरून दोन्हीकडून दिसली पाहिजेत. डाळिंबाच्या रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये पंख्यापुढच्या झडपेचे स्क्रू ताजे उघडलेले वाटले तर ती उघडूनच बघावी, कारण मागची पोकळी लपवाछपवीची नेहमीची जागा आहे.

आता सील. इलेक्ट्रॉनिक सील लावलं की काम झालं, असा इथे पक्का समज आहे. सील कापलं गेलं की नाही, एवढंच ते सांगतं. दाराचा दांडा ज्या रिव्हेटांवर बसतो ते काढून, दार उघडून, नवे बसवून वर रंग मारला, तर सील जागच्या जागी राहतं आणि त्याचा क्रमांकही कागदाशी तंतोतंत जुळतो. म्हणून दांड्याचे, कब्ज्यांचे रिव्हेट हातोडीने ठोकून बघायचे. बाकीच्यांपेक्षा एखाद्याचा आवाज वेगळा आला किंवा त्याच्याभोवतीच रंग ताजा दिसला, तर कंटेनर परत पाठवा. बोल्ट सील (धातूच्या खिळ्याचं) आयएसओ १७७१२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातलं, ‘एच’ म्हणजे उच्च सुरक्षेच्या खुणेचं हवं. लावल्यावर क्रमांक वाचायचा, शिपिंग बिलाशी (निर्यातीच्या कस्टम्स कागदाशी) ताडायचा, सील खाली ओढायचं आणि पिळून बघायचं. या शेवटच्या दोन गोष्टी जवळजवळ कुणीच करत नाही. आणि सीलची पिशवी सुपरवायझरच्या उघड्या ड्रॉवरमध्ये नको. कुलपात, एकाच माणसाच्या ताब्यात, प्रत्येक क्रमांकाची नोंद करून ठेवावी. मोडलेल्या सीलचीही.

रस्त्याचं म्हणाल, तर ट्रेलर कुठे किती वेळ थांबला हे जीपीएसवर दिसतं, पण ते बघणारं कुणी नसतं. ड्रायव्हरशी थांब्यांच्या जागा आधीच ठरवाव्यात आणि प्रत्येक थांब्यानंतर दाराचा, सीलचा फोटो मागवावा.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात टाल्क या खनिजाच्या नावाखाली आलेल्या दोन कंटेनरांत सुमारे तीन हजार किलो हेरॉइन सापडलं. तो आयातीचा माल होता आणि कागदच खोटे होते. प्रामाणिक निर्यातदाराच्या कंटेनरात त्याच्या नकळत पुडकी सरकवायची आणि परदेशी बंदरात काढून घ्यायची, हा प्रकारही तस्करीत जुनाच. अशा वेळी पहिली विचारणा ज्याचं नाव शिपिंग बिलावर आहे त्याच्याकडेच होते.

आपल्याकडच्या निर्यातदार संघटनांनी सात जागांचा एकपानी मराठी तक्ता छापून कंटेनर भरण्याच्या प्रत्येक धक्क्यावर लावावा. त्यात तपासणाऱ्याची सही, वेळ आणि टेपने मोजलेली लांबी मीटरमध्ये, एवढे तीन रकाने असलेच पाहिजेत. नुसती ‘ओके’ची खूण करायची सोय ठेवलीत, तर तक्ता गेटवर बसूनच भरला जाईल.

— निर्यात मालवाहतुकीशी संबंधित एक वाचक, सोलापूर