सुभेदारकाकांच्या अंत्यविधीसाठी वर्गणी

बी विंगमधले सुभेदारकाका आज पहाटे घरीच गेले. काकूंच्या हाताशी रोख नाही. काकांचं एटीएम कार्ड मात्र कुणीही वापरू नये. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन बँक परत वळती करते. प्रत्येक घराने ५०० रुपये किंवा जमेल ते, दुपारी १२ च्या आत फक्त खजिनदारांकडे द्यावेत आणि वहीत नोंद करावी. दोघांनी गोळा केलं की हिशेब जुळत नाही.

मृत्यू घरी झालाय, म्हणून डॉक्टरांचा ४-अ दाखला (मृत्यूच्या कारणाचा) आधी. त्यावाचून स्मशानभूमीत अडवतात.

काकूंच्या पत्र्याच्या ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक (सैन्यातल्या नोकरीची नोंद) आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) जपा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तीच लागतील.

सोसायटीचा तिरंगा पार्थिवावर परस्पर घालू नका. सैनिकी मानवंदना मिळाली तर केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घ्यायचा.