दुकानाच्या नावाचा ईमेल मिळायला हवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

लालबागला आमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. दुकानाच्या नावाने फुकटचा ईमेल काढायला गेलो तर नाव आधीच कोणीतरी घेतलेलं, मग पुढे चार आकडे आणि अंडरस्कोअर लावून घेतला, आणि आता फोनवर सांगताना दर वेळी तेच, शून्य की ओ, मोठी रेघ की छोटी, परवा एका काकूंची दिवाळीची ऑर्डर भलत्याच पत्त्यावर गेली.

याहूने २००८ मध्ये ईमेल पत्त्यात @ च्या पुढे याहू डॉट कॉमऐवजी लावायला वायमेल आणि रॉकेटमेल हे दोन नवे पर्याय फुकट खुले केले होते, का तर याहू डॉट कॉमवरची चांगली नावं संपत आली होती. २०१२ला मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉम आणलं.

असे नवे पर्याय फुकट देण्यात कंपनीचा तोटा होतो असं काहींना वाटतं, मला अजिबात पटत नाही. अहो पत्ता एकदा बिलबुकावर, पाटीवर, बँकेत लागला की माणूस तो सोडत नाही, रोज तिथेच लॉगिन करतो, जाहिराती बघतो, धंदा वाढला की जास्त स्टोरेजचे पैसेही भरतो. हॉटमेल १९९६ला सुरू झालं तेव्हा प्रत्येक मेलच्या खाली एक ओळ असायची, तुम्हीही फुकट ईमेल घ्या म्हणून, ते इतकं पसरलं की पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं!

स्वतःचं डोमेन, म्हणजे @ च्या पुढे दुकानाचंच नाव, घेऊन ते दर वर्षी रिन्यू करणं प्रत्येक दुकानदाराला जमत नाही. डॉट कॉमसारखं पत्त्याच्या शेवटी देवनागरीत लागणारं डॉट भारत तर २०१४ पासून आहे. मोठ्या कंपन्यांनी असे नवे पर्याय, देवनागरीतलेसुद्धा, फुकट द्यावेत, आमच्या गल्लीतलेच कितीतरी जण लगेच घेतील.

आपला,
एक मसाला विक्रेता, लालबाग, मुंबई